रिमोट कुणाच्या हातात?

टीव्हीखाली ठेवायचा कॉम्प्युटर घेताय? मग प्रोसेसर नंतर बघा, आधी कॅबिनेट आणि रिमोट बघा. कारण परीक्षा तुमची नाही, घरातल्या बाकीच्यांची आहे!

अप्रेझल बरं झालं, पंचावन्न इंची टीव्ही भिंतीवर चढला, खाली साउंडबारही लागला. आता पुढे काय? प्रत्येक ऑफिसात टेक्नो डोक्याचा एक तरी कलीग असतोच. तो चहाच्या टपरीवर हळूच सुचवतो, "आता एक एचटीपीसी टाक, बॉस!" एचटीपीसी म्हणजे होम थिएटर पीसी. तसा आपला नेहमीचाच कॉम्प्युटर, फक्त टेबलाखाली नाही तर टीव्हीखाली ठेवलेला. मॉनिटरच्या जागी टीव्ही, कीबोर्ड-माउसच्या जागी रिमोट आणि उभ्या टॉवरच्या जागी म्युझिक सिस्टिमच्या ॲम्प्लिफायरसारखं दिसणारं टेचदार आडवं कॅबिनेट.

"पण कशाला? टीव्ही स्मार्ट आहे की!" हा घरातून येणारा पहिला प्रश्न. आणि प्रश्न अगदी रास्त आहे. ज्यांचं सगळं ओटीटीवर भागतं, त्यांनी खुशाल पान उलटावं, पैसे वाचले. पण कपाटात मराठी नाटकांच्या व्हीसीडींची चळत असेल, ताईच्या लग्नाची डीव्हीडी असेल, दहा वर्षांच्या ट्रेकचे फोटो हार्ड डिस्कवर पडून असतील, किंवा कॉम्प्युटरवरचे गेम्स सोफ्यावर रेलून मोठ्या स्क्रीनवर खेळायचे असतील, तर हा डबा कामाचा आहे. ओटीटीवरचा पिक्चर करार संपला की एके दिवशी गुपचूप गायब होतो. आपल्या डिस्कवरचा पिक्चर आपल्याला विचारल्याशिवाय कुठे जात नाही. बॅकअप मात्र घ्यायचा, हे आलंच.

गंमत अशी, की हा कॉम्प्युटर जुळवताना सगळी चर्चा प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्डाची होते. कॅबिनेट निवडतात दिसण्यावरून आणि रिमोटचा विचार होतो बिल फाडल्यावर. खरं तर हॉलमध्ये बसून जी गोष्ट डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते आणि हातात धरली जाते, ती म्हणजे हीच दोन. बाकीचं सगळं आत झाकलेलं.

हिरव्या बटणाचे दिवस

या खेळाला खरा जोर आला २००२ मध्ये. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर एडिशन काढली आणि तिच्यासोबत मधोमध हिरवं बटण असलेला रिमोट आला. बटण दाबलं की विंडोजचा नेहमीचा डेस्कटॉप बाजूला आणि सोफ्यावरून वाचता येईल असा मोठ्या अक्षरांचा मेनू समोर. त्याच सुमारास एका हौशी टोळीने गेम खेळायच्या एक्सबॉक्सवर पिक्चर चालवणारं सॉफ्टवेअर बनवायला घेतलं. ते पुढे एक्सबीएमसी म्हणून गाजलं आणि २०१४ पासून कोडी या नावाने ओळखलं जाऊ लागलं. आज घरोघरच्या एचटीपीसीवर दिसतं ते हेच फुकटचं कोडी.

कॅबिनेटवाल्यांनीही ही संधी बरोब्बर ओळखली. सिल्व्हरस्टोनची लास्काला आणि ग्रँडिया मालिका, झालमनची ॲल्युमिनियमची देखणी मॉडेल्स आणि ॲन्टेकचं फ्यूजन. यातलं २००८च्या सुमाराचं फ्यूजन रिमोट हे मॉडेल म्हणजे त्या काळाचा आदर्श नमुना. पुढे एलसीडी पट्टी, आवाजाचा मोठा गोल नॉब, आत इन्फ्रारेड रिसीव्हर आणि खोक्यातच रिमोट. रिसीव्हर आणि डिस्प्लेची यंत्रणा आयमॉन नावाची, साउंडग्राफ या कोरियन कंपनीची. आत एसएमपीएस, हार्ड डिस्क आणि मदरबोर्ड यांना वेगवेगळे कप्पे, शिवाय १२० मिलिमीटरचे दोन पंखे. पंधराहून जास्त वर्षं झाली, तरी चांगलं कॅबिनेट कसं असावं हे समजून घ्यायला आजही हा नमुना चालतो.

आपल्याकडे या डब्याची मजा वेगळीच होती. केबलची वायर थेट टीव्ही ट्यूनर कार्डात खोचायची आणि मॅच रेकॉर्ड करायची! हा धंदा केबलच्या डिजिटायझेशनने बंद पाडला. मुंबईत २०१२च्या ऑक्टोबरअखेर आणि पुणे-नागपूरसारख्या शहरांत २०१३च्या मार्चअखेर जुनं केबल बंद करायचं ठरलं. सेट-टॉप बॉक्स आले आणि ट्यूनर कार्डं ड्रॉवरमध्ये गेली. २०१५ मध्ये विंडोज १० मधून मीडिया सेंटरच काढून टाकलं. २०१६च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं. हिरवं बटण पोरकं झालं, पण कॅबिनेट आणि रिमोटचे प्रश्न जसेच्या तसे राहिले.

रात्री स्विच बंद, सकाळी डबा बंद

बाणेरच्या एका मित्राचंच घ्या. पोरगं आयटीतलं, हौशी. झकास काळं कॅबिनेट आणलं, कोडी टाकलं, आईच्या आवडीची सगळी नाटकं व्हीसीडींवरून हार्ड डिस्कवर चढवली, रिमोट तिच्या हातात दिला. पहिले दोन दिवस आई खूश. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तोच संवाद.

"अरे, तुझा तो डबा चालू करून दे ना, मग जा ऑफिसला."

"अगं आई, रिमोटचं लाल बटण दाब की!"

"दाबलं. काही होत नाही."

रिमोट ठीक, सेल नवे, रिसीव्हर ठीक. मग घोडं अडलं कुठे? तर आईची सवय! रात्री झोपताना घरातले सगळे स्विच भिंतीवरच्या बोर्डावरून बंद करायचे. आपल्या निम्म्या घरांत ही सवय असते, आणि ती चांगलीच आहे. पण बंद कॉम्प्युटरसुद्धा रिमोटची हाक ऐकतो तो एसएमपीएसमधून सतत वाहणाऱ्या पाच व्होल्टच्या स्टँडबाय लाइनवर. भिंतीवरचा स्विच बंद म्हणजे ती लाइनही बंद. मग रिसीव्हर बहिरा! सकाळी बोर्डाचा स्विच चालू केल्यावरही काही मदरबोर्ड एकदा हाताने सुरू केल्याशिवाय रिमोटला ओळख देत नाहीत.

मित्राने आधी काय केलं? बोर्डावर "बंद करू नये" अशी चिठ्ठी चिकटवली. आई ती वाचायची आणि तरीही स्विच बंद करायची. उपाय निघाला तो बायोसमध्ये. तिथे 'वीज गेल्यावर परत आली तर काय करायचं' अशा अर्थाचं एक सेटिंग असतं. बहुतेक मदरबोर्डांत त्याचं नाव 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा त्याच्या जवळपासचं काहीतरी. ते 'पॉवर ऑन' करून ठेवलं, की बोर्डाचा स्विच चालू होताच कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो. रात्री रिमोटने बंद करायचा, दोन मिनिटांनी स्विच बंद. सकाळी स्विच चालू, चहा होईपर्यंत कोडीचा मेनू तयार. आईची सवय न बदलता प्रश्न सुटला, चिठ्ठीही निघाली.

या एका किश्शात अख्खी परीक्षा आहे. कॅबिनेट आणि रिमोट चांगला की वाईट, हे ते विकत घेणाऱ्याला चालवता येतं का यावर ठरत नाही. विकत घेणारा घरात नसताना ते चालतं का, यावर ठरतं.

पहिली परीक्षा : मापं

हायफाय यंत्रांची रुंदी साधारण सतरा इंच असते आणि आडवी कॅबिनेटंही त्याच मापाच्या आसपास बनतात. त्यामुळे रुंदीचा सहसा प्रश्न येत नाही. फसगत होते ती मागच्या बाजूला. एचडीएमआयची केबल आणि पॉवर कॉर्ड यांना वळायला दोन-तीन इंच लागतात. सुताराकडून करून घेतलेल्या टीव्ही युनिटमध्ये तेवढी जागा नसेल तर डबा तोंड बाहेर काढून बसतो. टेप घेऊन मोजा, मगच लॅमिंग्टन रोडला किंवा तापकीर गल्लीत पाय ठेवा.

आतलं माप मदरबोर्डवरून ठरतं. मिनी-आयटीएक्स म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स म्हणजे २४४ बाय २४४. फक्त पिक्चर बघायचे असतील तर मिनी-आयटीएक्सचं छोटं कॅबिनेट पुरे. गेमिंग करायचं असेल तर ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि जाडी आधी जुळवून घ्या. आणि हो, त्या व्हीसीडी-डीव्हीडी आठवताहेत ना? बऱ्याच नव्या कॅबिनेटांत डिस्क ड्राइव्ह बसवायची जागाच नसते. तशी जागा असलेलं मॉडेल शोधा किंवा यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह घ्या.

दुसरी परीक्षा : आवाज

दुकानातल्या गोंगाटात कुठलंही कॅबिनेट शांतच वाटतं. घरी सीलिंग फॅन गरगरत असतो तोवरही काही कळत नाही. खरी परीक्षा रात्री अकराला. सीलिंग फॅन बंद करा, एखादा संथ सीन लावा आणि नेहमीच्या जागेवर बसा. पात्रांच्या दोन वाक्यांमधल्या शांततेत घरघर ऐकू आली तर डबा नापास!

नियम सोपा आहे. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, छोट्याला त्यासाठी किंचाळावं लागतं. म्हणून ८० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा १२०चा बरा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती रबराच्या बुशांवर बसते का बघा, नाहीतर तिची थरथर युनिटच्या प्लायवूडमध्ये उतरते आणि अख्खं फर्निचर गुणगुणायला लागतं. पंखाच नको असेल तर स्ट्रीकॉमसारख्या कंपन्या बिनपंख्याची कॅबिनेटं बनवतात. त्यात प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळ्यांतून थेट ॲल्युमिनियमच्या भिंतींत जाते. अगदी नि:शब्द! पण ताकदवान ग्राफिक्स कार्डाचा नाद मग सोडावा लागतो.

तिसरी परीक्षा : उन्हाळा

परदेशी रिव्ह्यू वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथली खोली बावीस अंशांवर असते, आपली मे महिन्यात पस्तिशीला टेकते आणि विदर्भात त्याच्याही पुढे जाते. आतलं तापमान त्यावर चढतं. म्हणून हवा कुठून शिरते आणि कुठून निघते ते बघा. फ्यूजनसारख्या कॅबिनेटांत पंखे बाजूच्या भिंतीवर असतात. युनिटच्या कप्प्यात त्या बाजूला मोकळी जागा नसेल तर तेच पंखे गरम हवा आतल्या आत घुसळत बसणार. काचेचं दार लावलेला कप्पा तर नकोच.

धुळीची जाळी बाहेरून निघते का, हेही विचारा. स्क्रू उघडून साफ करायची जाळी दिवाळीशिवाय कुणी साफ करत नाही. आणि बिनपंख्याचं कॅबिनेट घेतलंत तर घरच्यांना प्रेमाने सांगून ठेवा, की त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि फ्लॉवरपॉट चालणार नाही. ती सपाट जागा नाही, तो रेडिएटर आहे!

चौथी परीक्षा : रिमोट

आता मुख्य पेपर. रिमोट तीन जातींचे असतात.

पहिला इन्फ्रारेड, आपल्या टीव्हीच्या रिमोटसारखा. रिसीव्हर कॅबिनेटमध्येच बसवलेला असेल आणि स्टँडबाय लाइनवर जोडलेला असेल तर पूर्ण बंद कॉम्प्युटरही चालू करता येतो. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. उणीव म्हणजे समोरासमोर नजर लागते. टीपॉयवर फुलदाणी आली की संपर्क तुटला. थेट ऊन किंवा काही ट्यूबलाइट्सचा प्रकाश रिसीव्हरवर पडला तरी तो गोंधळतो. रिमोट सिग्नल सोडतोय की नाही, हे बघायची युक्ती : तो फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. स्क्रीनवर टोकाचा दिवा लुकलुकताना दिसला तर रिमोट जिवंत आहे, दुखणं रिसीव्हरचं.

दुसरा २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा, यूएसबी डोंगलवाला. बऱ्याच मॉडेलांत मागे छोटा कीबोर्डही असतो आणि हवेत हलवला की माउस फिरतो. नजर लागत नाही, सर्च करायला सोपा. पण तो बहुधा झोपलेल्या कॉम्प्युटरला उठवतो, पूर्ण बंद असलेल्याला नाही. त्यातही बायोसमध्ये यूएसबीवरून जागं होण्याची परवानगी लागते आणि वीज वाचवणारं ईआरपी नावाचं सेटिंग चालू असेल तर तीही जाते. शिवाय यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी असे डोंगल अडखळतात. इंटेलनेच २०१२ मध्ये या त्रासावर सविस्तर टिपण काढलं होतं. उपाय : फूटभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल पुढे आणून ठेवा.

तिसरा मार्ग म्हणजे नवा रिमोटच नको! एचडीएमआयमध्ये सीईसी नावाची सोय असते, तिच्यामुळे टीव्हीचाच रिमोट जोडलेल्या यंत्राला चालवतो. गोची एवढीच, की कॉम्प्युटरची ग्राफिक्स कार्डं सहसा सीईसी देत नाहीत, त्यासाठी मध्ये वेगळा ॲडॉप्टर लावावा लागतो. दुसरी युक्ती म्हणजे फ्लर्क नावाचा यूएसबीचा छोटा रिसीव्हर. घरातला कुठलाही जुना इन्फ्रारेड रिमोट त्याला शिकवता येतो, कॉम्प्युटरला मात्र वाटतं कीबोर्डच दाबला जातोय.

जात कुठलीही असो, बटणं मोजा. चार बाण, ओके, मागे, होम, प्ले-पॉज, आवाज आणि पॉवर. एवढी बटणं अंधारात अंगठ्याला न बघता सापडली पाहिजेत. पन्नास बटणांचा रिमोट म्हणजे अर्धवट ठरवलेला रिमोट. आणि त्यावरचं एखादं बटण चुकून दाबलं गेलं आणि समोर विंडोजचा डेस्कटॉप आला, तर आई-बाबा परत कसे येणार? एक 'होम' बटण दाबून परत येता आलं पाहिजे, नाहीतर मीटिंगच्या मधोमध तुमचा फोन वाजलाच म्हणून समजा.

पाचवी परीक्षा : नॉब आणि डिस्प्ले

पुढचा मोठा नॉब बघून कुणीही विरघळतो. पण एक खोच आहे. डॉल्बी किंवा डीटीएसचा मूळ सिग्नल जसाच्या तसा एव्ही रिसीव्हरकडे पाठवायचं सेटिंग ठेवलं, की आवाज कॉम्प्युटरच्या हातात राहतच नाही. नॉब कितीही फिरवा, ढिम्म फरक पडत नाही. आवाज रिसीव्हरच्या रिमोटनेच वाढणार. म्हणजे हातात दोन रिमोट! इथे कोड शिकणारा युनिव्हर्सल रिमोट घ्या. त्याची आवाजाची बटणं रिसीव्हरला आणि बाण कॉम्प्युटरला शिकवली, की टीपॉयवर एकच रिमोट उरतो.

डिस्प्लेचंही तसंच. गाणी ऐकताना टीव्ही बंद ठेवून गाण्याचं नाव दिसतं, ही सोय मोठी. पण त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर तुमच्या विंडोजवर चालतं का, ते आधी तपासा. विशेषतः जुनं कॅबिनेट सेकंडहँड घेताना. सॉफ्टवेअर नसेल तर ती निळी पट्टी नुसती शोभेची. ती रात्री मंद करता येते का, हेही बघा, नाहीतर पिक्चरभर डोळ्यांत खुपत राहील.

मग निकाल काय?

फ्यूजनसारख्या जुन्या नमुन्याला आज मार्क द्यायचे तर बांधणीला पहिला वर्ग. वेगळे कप्पे, मोठे पंखे, बंद कॉम्प्युटर चालू करणारा आतला रिसीव्हर. हे तिन्ही मुद्दे नव्या कॅबिनेटला आजही विचारायला हवेत. नॉब आणि डिस्प्ले मात्र सजावटीच्या खात्यात टाका. मिळाले तर उत्तम, त्यासाठी जादा पैसे मोजू नका. फक्त डिस्कवरचे पिक्चर आणि नाटकंच बघायची असतील तर पर्याय आणखी स्वस्त. तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवरही कोडी चालतं आणि त्यात सीईसी असल्याने टीव्हीचा रिमोट पुरतो. मोठं कॅबिनेट घ्या ते गेमिंगसाठी, डिस्क ड्राइव्हसाठी किंवा चार-पाच हार्ड डिस्कांच्या खजिन्यासाठी.

खरेदीला जाताना

• युनिटची रुंदी, उंची आणि आतपर्यंतचं माप लिहून न्या. मागे तीन इंच सोडा.
• रिसीव्हर कॅबिनेटमध्येच आहे की डोंगल? पूर्ण बंद असताना चालू होतो का, हे दुकानातच करून दाखवायला सांगा.
• पंखे किती मोठे आणि हवा कुठल्या बाजूने बाहेर पडते?
• धुळीची जाळी हाताने निघते का?
• रिमोटला कुठले सेल लागतात? कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळणारे पेन्सिल सेल असतील तर उत्तम.
• घरी आल्यावर बायोसमधलं वीज परत आल्यावरचं सेटिंग पहिल्या दिवशीच करून टाका. लोडशेडिंगचा भाग असेल तर छोटा यूपीएसही लावा.

आणि फायनल परीक्षा येत्या रविवारी. घरात ज्या व्यक्तीला कॉम्प्युटरचा सगळ्यात जास्त कंटाळा आहे, तिच्या हातात रिमोट द्या. काही समजावू नका. चपला घाला आणि भाजी आणायला बाहेर पडा. अर्ध्या तासात फोन आला नाही, तर समजा पैसे वसूल!